लिंबापर्यंत

चांगुणाबाईंना ती गोष्ट सांगून सांगून पाठ झाली होती. कोणी भेटायला आलं की बाजेवर उशीला टेकून त्या आधी घोटभर पाणी मागायच्या, आलेल्या बाईला जवळ बसवून घ्यायच्या आणि मग सुरू करायच्या.

"सकाळचा टाईम. करुणा तिकडच्या खोलीत वंदना करून राहिली. अन् धरणी अशी गुरगुरली बघ, जसं आभाळ खालून गरजावं. पत्रे थडथड, भांडी थडथड. माझं हे डावं अंग तर लकव्यानं मेलेलं. उठू कशी? म्या डोळे मिटले. म्हनलं, चांगुणे, झालं तुझं. तेवढ्यात ही येऊन अंगावर पडली. गच्च. समदा अंधार झाला. पत्र्यावरचा धोंडा खाली आला त्यो हिच्या पाठीत. माझ्या केसाला धक्का न्हाई. पोटच्या पोरानं केलं नसतं, बाई, ते सुनेनं केलं."

ऐकणारी तोंडाला पदर लावायची. करुणा तेव्हा चहाचे कप घेऊन दारात उभी असायची. बाई तिच्याकडे असं बघायची, जसं विहारात मूर्तीकडे बघावं. करुणा कप ठेवायची आणि काहीतरी राहिल्यासारखं करून परत चुलीकडे वळायची.

खरी गोष्ट एवढीच होती, की करुणा त्या वेळी घरात नव्हती.

कुरुंद्याच्या आसपासच्या गावांना जमिनीखालचे आवाज नवे नाहीत. कधी दुपारी गुडगुड होते, कधी पहाटे ताटल्या वाजतात. लोक चेष्टेनं म्हणतात, धरणीमायचं पोट बिघडलंय. तलाठी येऊन सांगून गेला होता की पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, हादऱ्यानं खाली येतील. पण दगड काढले तर पहिल्या वावटळीत पत्रे उडून शेजारच्या शिवारात जातात. त्यामुळे ज्याला वाऱ्याची भीती जास्त त्यानं दगड ठेवले, ज्याला धरणीची जास्त त्यानं काढले. करुणाचा नवरा रणजीत एसटीत ड्रायव्हर. त्यानं मधला मार्ग काढला आणि अर्धे दगड उतरवले. राहिलेल्या अर्ध्यांतला एक चांगुणाबाईंच्या बाजेच्या बरोबर वर, पत्र्यावर होता.

त्या सकाळी करुणा मूर्तीपुढे हात जोडून शील म्हणत होती. तिसरं शील झालं आणि पायाखालची फरशी सरकली. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मेणबत्ती आडवी पडली. आतून हाक आली, "करुणा!" मग दुसरी, मोठ्यानं, "अगं करुणा!" आणि नंतर एकदम गल्लीच्या तोंडाशी असलेलं लिंबाचं झाड, त्याची खरबरीत साल आणि सालीवरचे तिचे स्वतःचे हात. लिंबापाशी दुसरं कोणीच नव्हतं. सगळी गल्ली अजून दारांतून बाहेर पडत होती. लग्न होऊन आल्यापासूनच्या बावीस वर्षांत कधी पळताना कोणी न पाहिलेली करुणा मॅडम सगळ्यांच्या आधी तिथं पोचली होती.

जमीन थांबली. करुणा वळली आणि मागं पळाली. लोक बाहेर येत होते, ती आत जात होती. धुळीत कोणी कोणाला बघत नव्हतं. खोलीत शिरली तर बाजेवर सासूबाई दिसेनातच. भिंतीकडच्या पेटीवर वाकळांची चळत असायची, सात वाकळा, चांगुणाबाईंनी स्वतः शिवलेल्या. ती चळत कोसळून अख्खी बाजेवर आली होती. सगळ्यांत वरच्या वाकळेत नारळाएवढा दगड रुतून बसला होता. तिनं दगड ढकलला, वाकळा ओढून काढल्या. खालून चांगुणाबाईंनी डोळे न उघडताच आपला चांगला हात तिच्या गळ्यात टाकला.

"लागलं का गं पोरी? माझ्यापायी लागलं का तुला?"

शेजारचे नरसिंगदादा दारात आले तेव्हा त्यांना जे दिसलं ते हेच. म्हातारीच्या अंगावर वाकलेली सून, शेजारी पडलेला दगड आणि पत्र्याला पडलेलं भोक.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सासूबाईंच्या तोंडून 'पोरी' हा शब्द करुणाच्या कानात पहिल्यांदाच पडला होता.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बी. एड. झालेली होती. चांगुणाबाईंनी हळदीच्या वावरात लोकांच्या हाताखाली राबून दोन पोरं शिकवली होती. त्यांना वाटलं, ही शिकलेली सून आपल्याला कमी लेखणार. म्हणून त्यांनी आधीच हत्यार उपसलं. "मास्तरीणबाई, इंग्रजीत भाकर थापता येती का? न्हाई तर मराठीत थापा." तीन वर्षांपूर्वी लकवा आला, तेव्हापासून अंग पुसणं, कूस बदलणं, संडासचं भांडं, सगळं करुणाच करत होती. ते करतानाही टोमणा चुकला नाही. "सावकाश गं. मी काई तुझी फळ्यावरची अक्षरं न्हाई, पुसून टाकायला."

आणि भूकंपानंतर ही बाई एकदम मऊ झाली. एवढंच नाही, रोज संध्याकाळी हट्टानं करुणाला बाजेपाशी पाठमोरी बसवायच्या आणि चांगल्या हाताने तिच्या पाठीला कोमट तेल चोळायच्या.

"वण दिसत न्हाई बघ. मुका मार हाय. मुका मार वाईट, आतून पोखरतो."

ज्या पाठीला काही झालंच नव्हतं, ती पाठ ताठ करून करुणा बसून राहायची. तेलाचा तो हात अशक्त होता, आणि तसा हात तिच्या पाठीवर तिच्या आईनंतर कोणाचाही फिरला नव्हता.

तिनं रणजीतला सांगून पाहिलं. तो मुक्कामी गाडी करून आला होता, जेवत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि घास थांबवून हसला.

"मी असतो तर तुझ्या फुडं पळालो असतो. सोड गं. म्हातारी खुश हाय, घरात शांती हाय. तुझं काय जातंय त्यात?"

त्यात करुणाचं काय जात होतं ते तिलाच ठाऊक. रोज सकाळी ती शील ग्रहण करायची. हे तिनं लग्नाआधीपासून एक दिवस चुकवलं नव्हतं, तापातही नाही, लेकरू पोटातच गेलं त्या दिवशीही नाही. जीवहत्या करणार नाही. न दिलेलं घेणार नाही. व्यभिचार करणार नाही. इथवर आवाज स्वच्छ असायचा. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं आलं की आवाज बसायचा, आणि ती ओठ हलवून पुढं सरकायची. पावसाळ्याच्या महिन्यांतला वर्षावास चालू होता. विहारात बायकांना शील सांगायचं काम तिच्याकडे होतं, तिचा उच्चार स्पष्ट म्हणून. तिनं घसा धरल्याचं कारण सांगितलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. ते कारणही खोटंच होतं. एका खोट्याला सोबत लागते, म्हणतात ते काही उगाच नाही.

कुरुंद्याला ज्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची तिथं तिनं एक पद्धत पाडली होती. नववीच्या वर्गात रोज एका लेकरानं डोळे मिटून शब्दकोश उघडायचा आणि बोट ठेवायचं. बोट पडेल तो आजचा शब्द. तो शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, मग कसा फिरला, हे करुणा दुसऱ्या दिवशी शोधून येऊन सांगायची. मुलांना हा खेळ वाटायचा. तिला तो शीलासारखाच नेमाचा होता.

त्या शुक्रवारी मिनाची पाळी होती. तांड्यावरून येणारी चुणचुणीत पोरगी. तिनं डोळे मिटले, बोट ठेवलं आणि वाचलं, "क्वेल."

"क्वेल म्हंजे लावा!" मागून एक ओरडला. "मॅडम, पक्षी. आमच्या सोयाबीनात फुर्रकन उडतो."

"तो वरचा," मिना म्हणाली. "माझं बोट खालच्यावर हाय. हे क्रियापद हाय. धीर सुटणं, असं दिलंय. मॅडम, पक्षी भित्रा असतो म्हणून का?"

"नाही गं," करुणा म्हणाली. "दोघांचं नाव सारखं, घराणं वेगळं. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. ती लवकर आली आणि शिक्षकांच्या खोलीतला जाडजूड शब्दकोश काढून बसली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी शाळेला दिलेला, कोपरे झिजलेला कोश. तिनं वाचलं आणि तिचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

वर्गात तिनं नेहमीसारखा शब्द फळ्यावर लिहिला आणि सांगायला लागली. "हा शब्द नेमका कुठून आला, याबद्दल जाणत्या लोकांत एकमत नाही. काही म्हणतात, डच लोकांच्या जुन्या बोलीत दुखणं सोसणं, आजारी असणं अशा अर्थाचा एक शब्द होता, त्यावरून. काही म्हणतात, लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ, दूध साकळणं. पातळ होतं ते घट्ट होऊन फुटणं."

"नासणं!" कोणीतरी म्हणालं.

"नासणं म्हणा. आधी हा शब्द पिकांसाठीही वापरायचे. रोप सुकलं, मान टाकली, की हा शब्द. मग तो माणसाच्या धीराला लागला. आपण काय म्हणतो? अवसान गळालं, हातपाय गाळले. आपल्याकडे धीर गळून जातो. त्यांच्याकडे तो आतल्या आत साकळतो."

"मॅडम, म्हंजे भूकंपात पळणं म्हंजे क्वेल?" मिनानं विचारलं.

करुणानं खडू हातात फिरवला. "पळणं नव्हे. पळायच्या आधी आत काहीतरी होतं ना, ते. पाय नंतर पळतात."

वर्गाला तोंड फुटलं. प्रत्येकाला आपलं सांगायचं होतं. एक म्हणाला, "मी आज्याला सोडून पळालो. आजा मागून शिव्या देऊन राहिला." एक पोरगी म्हणाली, "म्या शेळी उचलली अन् भावाला इसरले. माय अजून मारती." सगळा वर्ग हसला. ती पोरंही हसली. करुणा बघत राहिली. एवढी ओझी लेकरांनी अशी भिरकावून दिली, जशी दप्तरं भिरकवावीत.

"मॅडम न्हाई पळाल्या," मिना मोठ्यानं म्हणाली. "आमची माय समद्या तांड्याला सांगती. मॅडम सासूच्या अंगावर पडल्या, पाठीवर धोंडा घेतला."

आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या.

करुणानं तोंड उघडलं. मुलं थांबली, त्यांना वाटलं मॅडम काही बोलणार. तिच्या गळ्यापासून खाली काहीतरी जड, घट्ट होत गेलं. ती वळली आणि फळा पुसायला लागली.

शाळा सुटल्यावर ती पुन्हा त्या कोशाशी गेली. सकाळी घाईत एक गोष्ट राहिली होती. जुन्या काळी हा शब्द दुसऱ्यावरही चालायचा. एखाद्यानं एखाद्याचा धीर खचवला, त्याला चिरडलं, तरी हाच शब्द. तो अर्थ पुढं मेला. मग दीडदोनशे वर्षं शब्दच जवळजवळ गेला, लोक वापरेनात. परत आला तो पुस्तकांतून, आणि आला तेव्हा एकच अर्थ घेऊन आला. आता कोणी कोणाला काही करत नाही. जे होतं ते माणसाचं त्याच्या स्वतःच्या आत होतं. करुणानं कोश मिटला. दोन महिने ती मनाशी म्हणत आली होती, धरणीनं मला घाबरवलं. या शब्दात धरणीला जागाच नव्हती.

रविवारी धम्मानंद आला. रणजीतचा धाकटा भाऊ. हिंगोलीला सरकारी नोकरी, स्वतःचं घर. भाड्याची गाडी घेऊनच आला होता, कारण आदल्या दिवशी त्यानं फोनवर ऐकलं होतं की चांगुणाबाईंच्या खोलीची भिंत कोपऱ्यातून फाटली आहे आणि पाहणीला आलेल्या माणसानं तिच्यावर खडूनं धोक्याची फुली मारली आहे.

"माय, चल. माझं पिल्लरचं घर हाय. वर स्लॅब. पत्रा न्हाई, धोंडा न्हाई."

"मी न्हाई येत."

"अगं, ही भिंत बघ की. त्यात बोट जाऊन राहिलं माझं."

"तर बोट काढ मंग."

"माय, चेष्टा न्हाई. फुडच्या हादऱ्याला ही भिंत तुझ्यावर यील."

चांगुणाबाईंनी करुणाकडे बघितलं. करुणा उंबऱ्यापाशी ज्वारी निवडत बसली होती. रणजीत ड्युटीवर होता. "येऊ दे. जिनं माझ्यासाठी पाठीत धोंडा घेतला, तिला सोडून मी पिल्लरच्या घरात निजू? जगायचं तर हिच्यासंगं, मरायचं तर हिच्यासंगं. रणजीतलाबी हेच सांगितलं म्या."

धम्मानंद करुणाजवळ येऊन उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुमीच सांगा. आता तुमच्याबिगर कुणाचं ऐकत न्हाई ती. तुमी दोघं दिवसभर कामावर. ही इथं एकटी या भिंतीखाली. काई झालं तर?"

काही झालं तर. करुणानं भिंतीवरची ती फुली बघितली. म्हातारी या भिंतीखाली ज्या भरवशावर पडून होती तो खोटा आहे, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक एसटी चालवत होता.

आणि तेव्हा ते परत आलं. गळ्यापासून पोटापर्यंत, घट्ट, आंबट, जड. आता त्याचं नाव तिला ठाऊक होतं. नाव ठाऊक असल्यानं ते कमी झालं नाही. एवढंच झालं, की ते आलंय हे तिला पाय हलायच्या आधी कळलं. तिनं सुपातली ज्वारी बाजूला ठेवली. उठून बाजेपाशी गेली आणि खाली बसली.

"आत्या, ती मी नव्हते."

"कोण नव्हतीस?"

"तुमच्या अंगावर. मी नव्हते. वाकळा होत्या, पेटीवरच्या. चळत पडली तुमच्यावर."

चांगुणाबाई हसल्या. धम्मानंदला म्हणाल्या, "बघ कशी लाजती. सोताचं कौतुक हिला सोसत न्हाई."

"लाजत न्हाई मी. धोंडा वाकळांवर पडला. माझ्या पाठीला काही झालेलं नाही. वण दिसत नाही, कारण तो नाहीच. मी बाहेर पळाले होते. लिंबापर्यंत."

 बाहेर गाडीवाला कोणाशी तरी फोनवर हिंदीत बोलत होता, त्याचं हसू आत येत होतं.

"किती येळ व्हतीस भाईर?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"जमीन हलत होती तोवर. थांबल्यावर परत आले."

"म्या हाका मारल्या."

"दोन."

"तुला ऐकू आल्या?"

इथं खोटं बोलता आलं असतं. गोंगाट होता, पत्रे वाजत होते, कोणी दोष दिला नसता.

"आल्या," करुणा म्हणाली. "दोन्ही."

"ऐकून गेलीस."

"व्हय, आत्या."

धम्मानंद म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या आता. भेदरलेलं माणूस..."

"तू गप रे," चांगुणाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांनी आपला चांगला हात उचलला आणि तळव्याकडे बघत राहिल्या. "दोन महिने तेल लावून राहिले मी."

करुणानं बाजेचा काठ धरला.

"दोन महिने. ह्या हातानं. अन् तू बसून राहिलीस." त्यांनी हात खाली ठेवला, तोंड भिंतीकडे फिरवलं. "धम्या, उचल मला. येते मी."

करुणानं कपडे भरले. औषधं कोणती कधी द्यायची ते कागदावर लिहून धम्मानंदच्या खिशात घातलं. नरसिंगदादांनी आणि धम्मानंदनं चांगुणाबाईंना खुर्चीत बसवून गाडीपर्यंत नेलं. करुणा मागं पिशवी घेऊन चालत होती. गाडीत टेकवल्यावर चांगुणाबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"मास्तरीणबाई, त्या वाकळा आणा. समद्या. ज्यांनी वाचवलं, त्यांना तरी संगं नेऊ द्या."

करुणानं एकेक करून सातही वाकळा आणल्या. गाडीवाला कुरकुरला की डिकी लागत नाही. नरसिंगदादांना काही कळेना, ते एकदा हिच्याकडे बघत, एकदा तिच्याकडे. गाडी वळली आणि लिंबाच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

नरसिंगदादांना करुणानंच सांगितलं, तिथंच, उभ्याउभ्या. ते म्हणाले, "असं व्हय," आणि आपल्या घरात गेले. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. विहारातल्या बायका वाईट वागल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी कोणी तिच्याशेजारी सतरंजी सरकवून घेतली नाही. एकजण म्हणालीच, "आमी तर पोरीबाळींला तुमचा दाखला देऊन राहिलो व्हतो, मॅडम." त्यात राग नव्हता. हरवल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते करुणाला रागापेक्षा जड गेलं. रणजीत दोन दिवस घुम्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "तिला इथं निजू दिलं न्हाईस, हे बराबर केलंस. पण मायला सांगणार हाईस, हे मला आधी सांगायचं व्हतं." ती म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर तुमी थांबवलं असतं." ते खरं होतं.

वर्गातही तिनं सांगितलं. खडू खाली ठेवून, सरळ. परवा टाळ्या वाजवल्यात, त्या माझ्या नव्हत्या. मी पळाले होते.  मिना खाली बघत होती. मग आज्याला सोडून पळालेला तो पोरगा दबकत म्हणाला, "कुठवर, मॅडम?"

"गल्लीतल्या लिंबापर्यंत."

"मी तर पार टाकीपर्यंत गेलतो," तो म्हणाला.

त्यानंतर दर रविवारी करुणा सकाळची गाडी धरून हिंगोलीला जायला लागली. कोणी बोलावलं नव्हतं. धम्मानंदची बायको दार उघडायची, "आल्या का वहिनी," म्हणून चहा ठेवायची, आणि करुणा आतल्या खोलीत जायची. सासूबाईंचं अंग पुसायची, नखं काढायची, चादर बदलायची. चांगुणाबाई तोंड फिरवून पडून असायच्या. पहिल्या रविवारी एक शब्द नाही. दुसऱ्या रविवारी, "पाणी लई गरम हाय," एवढंच, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. परतताना करुणा एसटीत खिडकीशी बसायची आणि तिला वाटायचं, आता हे असंच. आपण खरं बोललो म्हणून कोणी आपलं देणं लागत नाही.

तिसऱ्या रविवारी पाऊस उघडला होता. खिडकीतून ऊन बाजेवर आलं होतं. करुणानं सासूबाईंना टेकवून बसवलं आणि केस सोडले. पातळ झालेले, रुपेरी, गुंतलेले. ती मागं बसून टोकाकडून हळूहळू गुंता काढायला लागली.

"एक इचारू?" चांगुणाबाई म्हणाल्या. तोंड खिडकीकडेच.

"विचारा, आत्या."

"धरणी थांबली व्हती, पर ती पुन्हा हलणार न्हाई, असं तर कुणी सांगितलं नव्हतं. समदे भाईर येऊन राहिले व्हते. तू आत आलीस. काहून आलीस?"

करुणाची फणी थांबली. तिनं मनात धुंडाळलं. चांगली उत्तरं पुष्कळ होती. तुमच्यासाठी आले. जीव राहवला नाही. मन खाऊ लागलं. त्यातलं कुठलंही दिलं असतं, तर म्हातारीनं घेतलं असतं, कदाचित त्यासाठीच तिनं विचारलं होतं. करुणा थांबली, आठवायचा प्रयत्न केला आणि तिला तिथं काहीच सापडलं नाही. हातांना लागणारी साल होती, आणि मग घराचं दार होतं. मधलं काही नव्हतं.

"ठाऊक न्हाई, आत्या," ती म्हणाली. "जायचं मी ठरवलं नव्हतं. यायचंही ठरवलं नव्हतं. काही सांगितलं तर ते आत्ता जुळवलेलं असेल."

 खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. धम्मानंदच्या बायकोनं कुकरची शिट्टी झाल्यावर गॅस बंद केला.

"तुमच्या मायेनं आले, असं म्हनली असतीस तर उठवून लावणार व्हते मी तुला," चांगुणाबाई शेवटी म्हणाल्या.

 करुणानं फणी परत चालू केली. कानामागं एक मोठा गुंता होता, हात पोचत नव्हता, आणि ओढलं असतं तर दुखलं असतं. ती थोडी पुढं सरकली. तेवढ्यात चांगुणाबाईंनी मान हळूच तिच्याकडे कलती केली, तिचा हात पोचावा म्हणून.